सुट्टीच्या दिवसांचा गोलंदाज

दोन देशांमधला पहिला क्रिकेटचा सामना कोठे झाला, असे विचारले तर बहुतेक वाचक मेलबर्नचे नाव घेतील आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची जोडी सांगतील. वस्तुस्थिती निराळी आहे. हा मान न्यूयॉर्कचा. १८४४ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिका आणि कॅनडा यांचे संघ तेथे एकमेकांशी खेळले व कॅनडाने २३ धावांनी विजय मिळविला. मेलबर्नचा पहिला कसोटी सामना त्यानंतर तेहतीस वर्षांनी व्हायचा होता. पुढे फिलाडेल्फिया शहराने बार्ट किंग नावाचा असा एक गोलंदाज निर्माण केला की, १९०८ च्या हंगामात इंग्लंडमध्ये जाऊन गोलंदाजीच्या सरासरीत तो साऱ्या इंग्रज गोलंदाजांच्या पुढे राहिला. मग हे सारे वैभव गेले कोठे? एक तर बेसबॉलने मैदाने व्यापली. आणि दुसरे असे की, १९०९ साली क्रिकेटची जी जागतिक परिषद लंडनला स्थापन झाली तिचे नावच ‘इंपीरियल’ होते. साम्राज्याबाहेरच्या देशासाठी तेथे पाट मांडलेला नव्हता. १९६५ साली परिषदेने आपले नाव बदलले, तेव्हा कोठे अमेरिकेला सहसदस्य म्हणून आत घेण्यात आले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा नारळ ज्या भूमीवर फुटला, ती भूमी आज ‘उदयोन्मुख क्रिकेट राष्ट्र’ या नावाने ओळखली जाते, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

या उदयोन्मुख राष्ट्राच्या संघाचे नेतृत्व काही वर्षे एका मराठी तरुणाकडे होते. त्याचे नाव सौरभ नेत्रावळकर. त्याच्याविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. निमित्त मात्र रायपूरच्या एका पत्राने मिळाले. रायपूर स्थानकाच्या रुळांपलीकडे गुढियारी नावाची गजबजलेली वस्ती आहे. तेथील एका वाचक-पालकांनी लिहिले आहे की, त्यांचा मुलगा डाव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. तो पहाटे मैदानावर असतो, संध्याकाळी शिकवणीच्या वर्गात. आता अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचे वर्ष आले आहे. मुलाच्या आईचे म्हणणे, खेळ वर्षभर बंद ठेवावा. मामाचे म्हणणे, असा हात शंभरात एखाद्याला मिळतो, परीक्षा पुढेही देता येईल. ‘दोहोंपैकी काय सोडावे?’ असा पत्राचा शेवट आहे.

हा प्रश्न रायपूरहून यावा यात नवल नाही. छत्तीसगढ हे क्रिकेटच्या दृष्टीने अगदी तरुण राज्य आहे. भिलाईचा राजेश चौहान भारताकडून २१ कसोटी सामने खेळला, तो मध्य प्रदेशच्या संघातून पुढे येऊन. कारण त्या वेळी छत्तीसगढचा स्वतःचा संघच नव्हता. रणजी करंडकात छत्तीसगढ प्रथम उतरला तो २०१६-१७ च्या हंगामात, महंमद कैफच्या नेतृत्वाखाली. नव्या रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला तो २१ जानेवारी २०२३ रोजी. तेव्हा न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला आणि भारताने आठ गडी राखून सामना जिंकला. मैदान डोळ्यांसमोर उभे राहिले, संघ उभा राहिला, की घराघरांत असे प्रश्न उभे राहणारच. या सदरात सल्ला देण्याची प्रथा नाही. चरित्रे सांगण्याची आहे. म्हणून सौरभचे चरित्र सांगतो.

१६ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा डावखुरा मध्यमगती गोलंदाज. मुंबईत असे गोलंदाज थोडे नसतात. पण सौरभ त्यांतून वर आला आणि २०१० च्या जानेवारीत न्यूझीलंडमध्ये झालेल्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठी भारताच्या संघात निवडला गेला. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट, हर्षल पटेल हे त्याचे सोबती. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक बळी, एकूण नऊ, सौरभने घेतले. उपांत्यपूर्व फेरीत मात्र पाकिस्तानने भारताला दोन गडी राखून हरविले. विजयी संघात बाबर आझम नावाचा एक पोरसवदा फलंदाज होता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्या वेळी सौरभ अंधेरीच्या सरदार पटेल तंत्रज्ञान संस्थेत संगणक अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. अभ्यास आणि खेळ ही दोन्ही जुंपलेली बैले एकाच वेगाने चालत नाहीत, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. २०१३ साली पदवी हाती आल्यावर त्याने मनाशी एक करार केला. दोन वर्षे क्रिकेटला द्यायची आणि मग काय होते ते पाहायचे. आमच्या मते या साऱ्या कथेत सर्वांत शहाणपणाची गोष्ट कोणती असेल तर ती ही मुदत. किती वर्षे वाट पाहायची हे आरंभीच ठरविण्याचे धैर्य फार थोड्या खेळाडूंना होते. त्यांच्या आईबापांना तर त्याहून थोड्यांना.

त्या दोन वर्षांत काय पदरात पडले? डिसेंबर २०१३ मध्ये कर्नाटकाविरुद्ध मुंबईकडून रणजी करंडकाचा सामना. एकच. मुंबईच्या गोलंदाजीत तेव्हा झहीर खान होता, धवल कुलकर्णी होता, शार्दूल ठाकूर वर येत होता. रांगेत उभे राहावे तर रांग हलत नव्हती. ज्या मुलांबरोबर तो न्यूझीलंडला गेला होता, त्यांतले काही एव्हाना आयपीएलमध्ये झळकू लागले होते. मधल्या काळात त्याने आपल्या दुसऱ्या विद्येचा उपयोग करून क्रिकेटपटूंच्या कामगिरीचे पृथक्करण करणारे एक ॲप तयार केले, त्याचे नाव ‘क्रिकडीकोड’. मैदानावर जे साधले नाही ते या ॲपने साधून दिले, असे म्हणता येईल. त्याच्या बळावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी त्याला शिष्यवृत्ती मिळाली. २०१५ साली मुदत संपली आणि तो निघाला. सामानात गोलंदाजीचे बूटसुद्धा नव्हते, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे.

येथे आपल्याकडील बहुतेक कथा संपतात. रणजीचा एक सामना खेळलेला मनुष्य मग आयुष्यभर बँकेत किंवा कचेरीत नोकरी करतो आणि रविवारी टीव्हीसमोर बसून म्हणतो, ‘अरे, हा माझ्याबरोबर खेळत होता.’

सौरभची कथा संपली नाही याचे कारण शोधू गेल्यास ते अमेरिकेच्या क्रिकेटमध्येच सापडते. कॉर्नेलची पदवी घेऊन तो ‘ओरॅकल’ या संगणक-कंपनीत अभियंता म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला रुजू झाला. त्या भागात भारत, पाकिस्तान, वेस्ट इंडीज येथून आलेली मंडळी सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळतात. तेथे कोणी निवडसमिती बसलेली नसते. चेंडू हातात घेतला, तो पूर्वीसारखाच वळू लागला. अडचण एवढीच की, तेथील खेळपट्ट्या कृत्रिम पृष्ठभागाच्या. डावखुऱ्या स्विंग गोलंदाजाला हिरवळीची, मातीची खेळपट्टी लागते. चेंडूची शिवण जमिनीत रुतून काही करामत करते ती तेथेच. तशी खेळपट्टी लॉस एंजेलिसला होती. म्हणून शुक्रवारी कचेरी सुटली की हा गृहस्थ मोटारीत बसे आणि सहा तास चालवीत लॉस एंजेलिसला जाई. शनिवारी खेळे आणि परत येई. हे अंतर एका बाजूने सुमारे सहाशे किलोमीटर भरते. रायपूरहून नागपूरला जाऊन त्याच दिवशी परत यावे, इतके. या खेळाने पैसा मिळत नव्हता आणि कीर्तीही नव्हती. कोणी पाहत नसताना सहाशे किलोमीटर मोटार हाकणारा मनुष्य खेळावर प्रेम करतो हे सिद्ध करायला आणखी पुराव्याची गरज नाही.

एखाद्या देशाकडून खेळण्यासाठी तेथे तीन वर्षांचे वास्तव्य असावे लागते. सौरभ अमेरिकेच्या संघात आला तो २०१८ साली, आणि वर्ष संपायच्या आत कर्णधारही झाला. वाचकांना वाटेल, पाटी अशी सहज फिरली काय? पण या कर्णधारपदाबरोबर काय आले ते पाहावे. त्या काळी लहान क्रिकेट राष्ट्रांसाठी एक शिडी असे. तिला विभाग म्हणत. प्रत्येक पायरीवर सहा संघ, पहिले दोन वर चढणार, तळाचे दोन खाली घसरणार. अमेरिका तिसऱ्या विभागात होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये ओमान येथील स्पर्धेत ती दुसरी आली आणि वर चढली. एप्रिल २०१९ मध्ये नामिबियातील विंडहूक येथे दुसऱ्या विभागाची स्पर्धा झाली. तेथे पहिल्या चारांत येणाऱ्याला अधिकृत एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळणार होता. दर्जा म्हणजे निव्वळ मानाचा फेटा नव्हे. त्याबरोबर जागतिक परिषदेकडून निधी येतो, ठरलेले सामने येतात, खेळाडूंशी करार करता येतात. हाँगकाँगचा पराभव करून अमेरिकेने तो दर्जा मिळविला आणि २७ एप्रिल रोजी सौरभ आपला पहिला अधिकृत एकदिवसीय सामना कर्णधार म्हणून खेळला. त्याआधी महिनाभर, १५ मार्चला, दुबईत अमेरिकेचा पहिला आंतरराष्ट्रीय टी-२० सामना संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध झाला होता. त्यातही कर्णधार तोच. पण पावसामुळे तो सामना निकाली निघाला नाही.

उदयोन्मुख राष्ट्राचे क्रिकेट म्हणजे काय, हे समजण्यासाठी आणखी एक दिवस सांगितला पाहिजे. १२ फेब्रुवारी २०२० रोजी नेपाळमधील कीर्तिपूर येथे अमेरिकेचा संपूर्ण डाव ३५ धावांत आटोपला. एकदिवसीय क्रिकेटमधील नीचांकाची ती बरोबरी होती. नेपाळच्या संदीप लामिछानेने १६ धावांत सहा बळी घेतले. असे दिवस ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांना सोमवारी पुन्हा कचेरीत जाऊन संगणकासमोर बसायचे असते. एका अर्थी ते बरेच असावे. पराभवाचा विचार करीत बसायला वेळ मिळत नाही.

आपल्याला हे हास्यास्पद वाटू नये म्हणून स्मरण देतो की, आपणही एके काळी उदयोन्मुखच होतो. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्स मैदानावर भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला. त्या संघाचे कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे, म्हणजे ज्या जुन्या मध्यप्रांतात रायपूरही मोडत असे त्या प्रांताचे. पहिला कसोटी विजय मिळण्यास भारताला त्यानंतर वीस वर्षे लागली.

सौरभच्या पुढील प्रगतीचा धावता आढावा पुरे. २०२१ साली कर्णधारपद आणंदच्या मोनांक पटेलकडे गेले आणि सौरभ पुन्हा साधा गोलंदाज झाला. आमच्या मते हे त्याच्या हिताचे ठरले. जुलै २०२२ मध्ये झिम्बाब्वेतील पात्रता स्पर्धेत त्याने सिंगापूरचे पाच फलंदाज १२ धावांत बाद केले. २०२३ साली अमेरिकेत मेजर लीग क्रिकेट ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली; तीत वॉशिंग्टन फ्रीडम संघाकडून त्याने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध नऊ धावांत सहा बळी टिपले. म्हणजे ज्या शहरात तो नोकरी करीत होता, त्याच शहराच्या संघाचे. पुढल्या वर्षी त्याच्या संघाने ही स्पर्धा जिंकली.

आणि मग २०२४ चा जून आला. टी-२० विश्वचषकाचे यजमानपद वेस्ट इंडीजसह अमेरिकेकडे होते, त्यामुळे तिला थेट प्रवेश मिळाला होता. या संघाची यादी वाचणे म्हणजे जगाचा नकाशा चाळण्यासारखे आहे. न्यूझीलंडकडून पूर्वी खेळलेला कोरी अँडरसन, कॅनडाचा माजी कर्णधार नितीश कुमार, दिल्लीचा मिलिंद कुमार, पाकिस्तानातील अटकचा अली खान, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला ॲरन जोन्स. मुंबईचेच दोघे. एक सौरभ, आणि दुसरा हरमीत सिंग, जो २०१२ साली भारताच्या एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता. मोठ्या घरात ज्यांना जागा पुरली नाही, त्यांनी मिळून हे नवे घर बांधले होते.

६ जून रोजी डॅलसजवळील ग्रँड प्रेअरी मैदानावर अमेरिकेची गाठ पाकिस्तानशी पडली. पाकिस्तानचा कर्णधार बाबर आझम! चौदा वर्षांपूर्वीचा तो पोरसवदा फलंदाज आता जगातल्या अग्रगण्य फलंदाजांत गणला जात होता. सौरभने दुसऱ्याच षटकात महंमद रिझवानला स्लिपमध्ये स्टीव्हन टेलरकरवी झेलबाद केले, पुढे इफ्तिखार अहमदला पायचीत पकडले. चार षटके, १८ धावा, दोन बळी. पाकिस्तानच्या १५९ धावा झाल्या. अमेरिकेला शेवटच्या चेंडूवर पाच हव्या होत्या. नितीश कुमारने चौकार मारला आणि सामना बरोबरीत सुटला.

मग सुपर ओव्हर. महंमद आमिरने तीत वाईड चेंडूंची खैरात केली आणि अमेरिकेच्या १८ धावा झाल्या. पाकिस्तानला १९ हव्या होत्या, आणि चेंडू सौरभच्या हाती दिला गेला. पहिला चेंडू निर्धाव. दुसऱ्यावर चौकार. मग एक वाईड. तिसऱ्या चेंडूवर इफ्तिखारने उंच फटका मारला आणि सीमेजवळ मिलिंद कुमारने झेल घेतला. पुन्हा एक वाईड. त्यानंतर पायाला लागून गेलेल्या चार अवांतर धावा, मग दोन. शेवटच्या चेंडूवर सात धावा राहिल्या. म्हणजे चेंडू रीतसर पडला तर षटकारानेही काम भागणार नव्हते. चेंडू रीतसर पडला. एक धाव निघाली. ज्या देशाने १८४४ साली हा खेळ सुरू करून नंतर टाकून दिला होता, त्याने एका माजी विश्वविजेत्याला हरविले.

सहा दिवसांनी न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ मैदानावर समोर भारत होता. डावाच्या पहिल्याच षटकात विराट कोहली पहिल्याच चेंडूवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन परतला. तिसऱ्या षटकात रोहित शर्मा गेला. दोन्ही बळी सौरभचे. भारताच्या दहा धावा, दोन गडी बाद. मुंबईच्या कितीतरी घरांत त्या क्षणी आनंद मानावा की दुःख, हे ठरविता आले नसेल. पुढे सूर्यकुमार यादव २२ धावांवर असताना त्याचा झेल उडाला, तो सौरभच्याच हातून सुटला. मुंबईच्या कुमारगटात हे दोघे एकत्र खेळलेले. सूर्यकुमारने नाबाद अर्धशतक करून भारताला सामना जिंकून दिला. तरीही अमेरिका स्पर्धेच्या पुढच्या फेरीत पोहोचली, कारण आयर्लंडविरुद्धचा तिचा सामना पावसाने धुऊन काढला.

त्या दिवसांत जगभर त्याच्या खेळाइतकीच चर्चा झाली ती त्याच्या नोकरीची. तो स्पर्धेच्या काळातही संगणक बरोबर घेऊन फिरतो आणि सामना संपला की हॉटेलात बसून कचेरीचे काम करतो, असे त्याच्या बहिणीने सांगितले. कंपनीने आपल्या अभियंत्याचे जाहीर अभिनंदन केले. लोकांना यात गंमत वाटली. आम्हांला मात्र वाटते की यात गंमत कमी आणि गरज अधिक आहे. अमेरिकेच्या क्रिकेटची घडी अजून बसलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील क्रिकेट मंडळाला जागतिक परिषदेने कारभारातील दोषांमुळे निलंबित केले. ज्याच्या घरची चूल केवळ त्या मंडळावर अवलंबून असेल, त्याला अशा बातमीने झोप लागणार नाही. सौरभची चूल दुसऱ्या लाकडांवर पेटते. त्यामुळे त्याला चेंडू टाकताना फक्त चेंडूचा विचार करता येतो.

हे सांगताना दुसरी बाजूही लपवू नये. असे दान प्रत्येकाच्या पदरात पडत नाही. रणजीचा एक सामना खेळून परदेशी गेलेल्या शंभरांपैकी नव्याण्णवांना तेथे सुपर ओव्हर टाकायला मिळत नाही. नव्या देशाला संघ हवा होता आणि हा तेथे होता, हा योगायोगही मोठा होता. पण सौरभने दोन वर्षांनी खेळ सोडला तेव्हा तो अर्धवट अभ्यास आणि अर्धवट खेळ अशा दोन अपुऱ्या गोष्टी घेऊन निघाला नव्हता. एक विद्या पुरती हाती होती, आणि दुसरी हाताच्या मनगटात होती, ती कोणी काढून घेऊ शकत नव्हते.

२०२६ च्या टी-२० विश्वचषकाचे यजमान भारत आणि श्रीलंका. वेळापत्रक असे जुळले की, भारताचा पहिला सामना ७ फेब्रुवारी रोजी अमेरिकेशी, आणि तोही मुंबईच्या वानखेडे मैदानावर. ज्या मुंबई संघात सौरभला जागा पुरली नव्हती, त्याच संघाच्या घरच्या मैदानावर तो एका देशाचा गोलंदाज म्हणून उतरला. नासाऊला त्याच्या हातून सुटलेला सूर्यकुमार आता भारताचा कर्णधार होता. त्याने नाबाद ८४ धावा केल्या. सौरभला एकही बळी मिळाला नाही आणि त्याच्या चार षटकांत ६५ धावा निघाल्या. अमेरिका २९ धावांनी हरली.